लांबच्या प्रवासासाठी कोणतं सिम? दोन कंपन्यांची जोडी सहा महिने वापरल्यावर

एका फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, एक कार्ड आणि एक ई-सिम. शिवाय तिसऱ्या सिमवर चालणारा, खिशात मावेल असा एक हॉटस्पॉट, म्हणजे मोबाइलचं नेट वायफायने वाटणारं छोटं यंत्र. हायवे, घाट, जंगलातले पट्टे आणि मैलोन्‌मैल वस्ती नसलेलं पठार अशा सगळ्या रस्त्यांवर हा संच सहा महिने वापरला. निष्कर्ष आधीच सांगतो: ‘सगळ्यात चांगली कंपनी’ शोधत बसू नका. पहिलं सिम कमी फ्रिक्वेन्सीचे बँड (कंपनी सिग्नलसाठी वापरते ते लहरींचे पट्टे) बघून घ्या, आणि दुसरं अशा कंपनीचं घ्या जिचे टॉवर पहिलीपेक्षा वेगळ्या ठिकाणी उभे आहेत.

बँडवर एवढा भर का, ते नीट समजून घ्यायला हवं. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झचा सिग्नल लांब पोचतो आणि झाडं-भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतो. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की तेवढ्याच अंतरात मोकळ्या जागेतही ६ डेसिबल जास्त घट होते, म्हणजे हाती चौथा हिस्सा उरतो. १८००, २३००, २६०० या बँडवर वेग भरपूर मिळतो, पण टॉवर जवळजवळ लागतात, आणि वस्ती नसलेल्या रस्त्यावर तेवढे टॉवर कोणतीच कंपनी उभारत नाही. शहरात सुसाट चालणारं सिम गावाबाहेर पडताच गप्प होतं, त्याचं मुख्य कारण हे.

आता फोनकडे बघा. एकाच नावाचं मॉडेल वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे बँड घेऊन विकलं जातं, त्यामुळे नाव न बघता मॉडेल नंबर बघायचा. ४जी मध्ये बँड २८ म्हणजे ७००, बँड २० म्हणजे ८००, बँड ५ म्हणजे ८५० आणि बँड ८ म्हणजे ९०० मेगाहर्ट्‌झ. कंपनी लांबच्या टॉवरवर जो बँड चालवते तोच फोनमध्ये नसेल, तर टॉवर समोर दिसत असूनही रेंज येणार नाही. कंपनी बदलून, पॅक बदलून काही उपयोग नाही.

कंपन्यांचे कव्हरेज नकाशे संगणकाने काढलेले अंदाज असतात, आणि तेही बहुतेकदा उघड्यावर उभ्या माणसासाठी. गाडीच्या पत्र्याआड साधारण ६ ते १० डेसिबल सहज जातात. काचेला उष्णता अडवणारा धातूचा थर असेल तर त्याहून जास्त. म्हणून नकाशात फिकट रंगाचा भाग दिसला की तिथे रेंज नाही असंच धरून चला. नकाशा अख्ख्या देशाचा बघू नका, आपला रस्ता मोठा करून बघा, आणि ५जी चा थर बंद करून ४जी चा लावा. जोडीला लोकांच्या फोनवरून गोळा झालेली माहिती दाखवणारी ओपनसिग्नल, सेलमॅपर ही अ‍ॅप्स ठेवा. सेलमॅपरवर कोणत्या टॉवरवर कोणता बँड आहे याची नोंद सापडते, आणि दोन कंपन्या एकाच खांबावर आहेत का याचाही अंदाज येतो. एकाच खांबाची वीज गेली की दोन्ही सिम एकदमच जातात.

याच कारणाने दुसऱ्याचं नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा विकणाऱ्या कंपन्यांचं सिम मूळ कंपनीच्या सिमला जोडी म्हणून घेऊ नये. नाव वेगळं, टॉवर तेच. गर्दीच्या वेळी अशा ग्राहकांचा डेटा बरेचदा मागे ढकलला जातो. मूळ कंपनीचे ग्राहक जिथे दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर रोमिंग करू शकतात, ती सोयही अनेकदा या पॅकमध्ये नसते.

रस्त्यावर फोनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या सिग्नलच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती कांड्या, हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये ‘सिम स्टेटस’ उघडलं की बहुतेक फोनमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करायचं. हा आकडा डीबीएम या मापात असतो, आणि उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमकुवत. ४जी साठी उणे ८५ डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे १०५ ला काम भागतं, उणे ११५ ला कॉल लागतो पण डेटा रखडतो, आणि उणे १२० च्या पुढे कशाचीच खात्री नाही. घाटात हमखास दिसणारा प्रकार म्हणजे एक कांडी आहे, मेसेज येतोय, पण आपला फोटो काही केल्या जात नाही. टॉवर कितीतरी पट ताकदीने बोलतो, फोनची मजल मात्र जेमतेम ०.२ वॅटची. त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला ऐकू जात नाही. अशा वेळी साधा एसएमएस पाठवा, तो बरेचदा निघतो.

दोन सिमच्या फोनची एक खोच आधी माहीत असलेली बरी. बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्याचा डेटा थांबतो. डेटा पहिल्यावर आणि कॉल आला दुसऱ्यावर, की बोलणं संपेपर्यंत वाहतुकीची ताजी माहिती बंद, आणि नेमकं तेव्हाच वळण येतं. कॉलपुरता डेटा दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू करा, पण दुसऱ्या पॅकमध्येही पुरेसा डेटा ठेवा, नाहीतर तो नकळत संपतो. या आपोआप बदलावर पूर्ण भिस्तही नको. कांड्या आहेत पण डेटा हलत नाही, अशा अवस्थेत फोन बरेचदा त्याच सिमला चिकटून राहतो. तिथे हातानेच बदलावं लागतं, आणि ते गाडी थांबवून.

निघण्याआधी दोन्ही सिमवरून एकेक कॉल लावा आणि बोलताना वरचं चिन्ह बघा. ४जी टिकलं तर व्होल्टे, म्हणजे ४जी वरूनच कॉल करण्याची सोय, चालू आहे. ते एच किंवा ई झालं तर कॉल जुन्या नेटवर्कवर जातोय, आणि जिथे २जी-३जी बंद झालंय तिथे असा फोन डेटा असूनही कॉल लावू शकणार नाही.

डेटा किती लागतो? रस्ता दाखवण्याला अगदी थोडा, तासाला काही एमबी. १२८ केबीपीएसवर गाणी ऐकली तर तासाला ५८ एमबीच्या आसपास. पॅक फस्त होतो तो व्हिडिओने. अमर्याद म्हणवणाऱ्या पॅकची बारीक अक्षरं वाचा: मर्यादेनंतर वेग ६४ केबीपीएसवर आणत असतील तर २ एमबीचा एक फोटो जायला चार मिनिटांहून जास्त लागतात. फोनवरून दुसऱ्यांना नेट वाटण्याची मर्यादा बरेचदा वेगळी आणि कमी असते, तीही तपासा. नकाशे घरीच वायफायवर उतरवून घ्या. जीपीएसला सिम लागत नाही, फ्लाइट मोडमध्येही ते चालतं. पुढचे ५० किलोमीटर रेंज नाही हे माहीत असेल तर फ्लाइट मोडच लावा, कारण टॉवर शोधत राहण्यात बॅटरी झपाट्याने उतरते. पट्टा ओलांडूनही रेंज येत नसेल तर फ्लाइट मोड दहा सेकंद लावून काढा. फोन नव्याने शोध घेतो.

ई-सिम निघण्याआधी, वायफायवर टाका. क्यूआर कोड बरेचदा एकदाच चालतो, म्हणून वाटेत काही बिघडलं तरी प्रोफाइल डिलीट करू नका. आधी एपीएन (कंपनीच्या डेटाशी फोन जोडणारी सेटिंग) बघा आणि डेटा रोमिंग चालू आहे का बघा. सरहद्दीजवळ फोन पलीकडचं नेटवर्क पकडतो, तिथे नेटवर्कची निवड हाताने करा.

हॉटस्पॉटबद्दल मत विरोधात गेलं. बाहेरच्या अँटेनासाठी त्याला दोन सॉकेट होती, आणि दोन्ही जोडली तर कमकुवत जागी खरंच फरक पडतो. पण दिवसभर चार्जिंगला आणि उन्हात डॅशबोर्डवर राहिल्याने बॅटरी फुगली आणि मागचं झाकण उचललं गेलं. अशी बॅटरी लगेच काढून ठेवा, टोचू किंवा दाबू नका. घ्यायचाच असेल तर बॅटरीशिवाय थेट गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा राउटर घ्या, आणि तो सीटखाली ठेवून फक्त अँटेना काचेशी लावा.