शिवारातील पत्ता आणि फोनमधील वाटाड्या

मी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात खासगी पशुवैद्यकीय सेवा देतो. गेली चार वर्षे माझ्या मोटारसायकलच्या हँडलवर फोनचा स्टँड आहे आणि त्या फोनवर उपग्रहाच्या आधाराने वाट दाखवणारे एक मोफत ॲप सुरू असते. शहरात घरपोच माल देणाऱ्यांच्या अनुभवावरून अशा ॲपविषयी बरेच लिहिले जाते. ज्या भागात घराला क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही आणि गोठा तर गावातही नसून शिवारात आहे, तेथे हे साधन कितपत उपयोगी पडते हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

मला फोनवर मिळणारा पत्ता साधारण असा असतो: ‘चहार्डी शिवार, पाटचारीच्या खालच्या अंगाला, जुन्या इंजिनच्या खोलीपासून आत, निंबाच्या झाडाजवळ.’ या पत्त्यात चूक काहीच नाही. गावातल्या माणसाला तो पुरतो. सातबाऱ्यावर त्या जमिनीचा गट क्रमांक असतो, महाभूनकाशा या शासनाच्या जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावर गटाची हद्दही पाहता येते, परंतु त्या गटापर्यंत गाडी कोणत्या बांधाने जाते हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली ती पत्र योग्य टपाल कार्यालयापर्यंत पोचावे म्हणून. तेथून पुढचे काम माणसे ओळखणारा पोस्टमन करत असे. ४२५१०७ म्हटल्यावर चोपडा परिसर कळतो, गोठा सापडत नाही.

उपग्रहाचा भाग मात्र निर्दोष आहे, हे प्रथम नोंदवले पाहिजे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांपैकी किमान चारांचा संदेश मिळाला की फोन आपली जागा काढतो, आणि मोकळ्या आकाशाखाली ती साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असते. आमचे शिवार म्हणजे मोकळे आकाशच. दाट केळीच्या बागेतही नकाशावर माझी जागा दाखवणारी निळी खूण फार भरकटलेली मी पाहिलेली नाही. दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: जागा काढण्यासाठी इंटरनेट लागत नाही, ते लागते नकाशा उतरवण्यासाठी. तालुक्याचा नकाशा घरी वायफायवर आधीच उतरवून ठेवला तर रेंज नसलेल्या ठिकाणीही ॲप वाट दाखवते. फक्त रेंजविना फोन सुरू केल्यास पहिली जागा मिळायला थोडा वेळ लागतो, कारण उपग्रह कोठे आहेत ही माहिती फोनला इंटरनेटऐवजी उपग्रहांकडूनच सावकाश घ्यावी लागते.

अडचण आहे ती नावांची. चोपडा तालुक्यात लासूर आहे आणि वैजापूरही आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही लासूर आहे आणि वैजापूर हे तर तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्याचे नाव न जोडता ‘वैजापूर’ लिहिले की ॲप मला सातपुड्याच्या पायथ्याकडे न नेता अजिंठ्याचे डोंगर ओलांडून गोदावरी खोऱ्यात पाठवू पाहते. गोरगावले बुद्रुक आणि गोरगावले खुर्द यांतील फरक आम्हाला उपजत कळतो, पण ॲपला ‘गोरगावले’ एवढेच सांगितले तर ते आपल्या मनाने एक निवडते. खानदेशातील कित्येक गावांच्या नावामागे ‘प्र.’ असते, म्हणजे प्रगणे, आणि एकसारखी नावे वेगळी ओळखण्याची ती जुनी सोय होती. नकाशावर ती अनेकदा गळून पडलेली असते. गावांची नावे रोमन लिपीतून पुन्हा देवनागरीत आणली गेल्यामुळे ळ चा ल होतो, अडावदचे अदावद होते आणि मराठीत शोधलेले नाव मिळत नाही. ज्या भाषेत लोक पत्ता सांगतात तीच भाषा नकाशाला कळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नावांपेक्षाही गंभीर दोष रस्त्यांचा आहे आणि तो मी एका रात्री भोगला. श्रावणातील रात्र होती, साडेदहाच्या सुमारास फोन आला. पहिलारू गाय अडली होती, वासराचे पुढचे दोन्ही पाय बाहेर आले होते आणि डोके दिसत नव्हते, म्हणजे मान मागे वळलेली असणार. अशा वेळी अर्ध्या तासाचाही फरक पडतो. ॲपने दोन वाटा दाखवल्या: डांबरी रस्त्याने नऊ किलोमीटर आणि मधल्या वाटेने साडेपाच. मी मधली निवडली. नकाशावर ती दुसऱ्या गावरस्त्यांसारखीच पांढऱ्या रेषेने काढलेली होती. प्रत्यक्षात ती काळ्या जमिनीतून जाणारी गाडवाट होती. दुपारी पाऊस पडून गेला होता. शे-दीडशे मीटर गेल्यावर चिखल मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये असा घट्ट बसला की पुढचे चाक फिरेनासे झाले. काडीने तो कोरून काढायचा, वीस पावले जायचे, पुन्हा काढायचा. शेवटी गाडी बांधाला लावली आणि बॅग खांद्यावर घेऊन बॅटरीच्या उजेडात उरलेली वाट चाललो. या सगळ्यात निळी खूण अचूक होती. मी कोठे अडकलो आहे हे फोन मला पाच मीटरच्या आत सांगत होता. गोठ्यावर पोचेपर्यंत फोन येऊन एक तास वीस मिनिटे झाली होती. वासरू गेले होते. मान सरळ करून ते काढले, गाय वाचली आणि पहाटे उभी राहिली. शेतकरी मला काही बोलला नाही, फक्त म्हणाला, ‘साहेब, त्या वाटवर पाऊसमा गाडं बी जात नही.’

आपल्या जुन्या गाव नकाशांवर गाडीमार्ग आणि पायमार्ग वेगळ्या खुणांनी दाखवलेले असतात. उपग्रहाच्या छायाचित्रावरून रेषा ओढणाऱ्या नकाशाला उन्हाळ्यात टणक दिसणारी वाट पावसाळ्यात बंद होते हे समजत नाही. नद्यांच्या बाबतीतही तेच. तापीचे पूल मोजके आहेत, काही ठिकाणी पाणी ओसरल्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि पावसाळ्याआधी काढून घेतात, आणि नाल्यांवरच्या फरश्या, म्हणजे ठेंगणे पूल, तर एका रात्रीच्या पावसात पाण्याखाली जातात. ॲपमध्ये ऋतू निवडण्याची सोय नाही. जून ते ऑक्टोबर या काळात त्याने दाखवलेली मधली वाट घेऊ नये, हा या अभिप्रायातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला समजावा.

हे साधन नीट वापरायचे तर गावाचे नाव शोधणे सोडून ठिकाण मागवावे लागते. ही सवय मला २०२२ मध्ये लागली. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यातील लंपी या गुरांच्या त्वचारोगाची पहिली जनावरे रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळली आणि बाधित ठिकाणापासून पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरण सुरू झाले. पाच किलोमीटर कोठून मोजायचे, तर गोठ्यापासून. तेव्हापासून मी ज्या गोठ्यात जातो त्याची खूण तेथेच उभा राहून साठवतो आणि तिला मालकाचे नाव, शिवार आणि जवळचे झाड किंवा विजेची डीपी अशी नोंद देतो. आज अशा तीनशेहून अधिक खुणा माझ्याजवळ आहेत, आणि माझ्या दृष्टीने या ॲपची खरी किंमत त्यांच्यातच आहे. नवीन ठिकाणासाठी मी व्हॉट्सॲपवर लोकेशन मागतो. तेथेही एक गोष्ट विचारून घ्यावी लागते: पाठवणारा आत्ता गोठ्यात उभा आहे ना? वडिलांचा फोन साधा असतो, म्हणून लोकेशन मुलगा पाठवतो, आणि मुलगा त्या वेळी चोपड्याच्या बसस्थानकावर असू शकतो. हे माझ्या बाबतीत दोनदा घडले आहे.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या सहकार्याने डिजिपिन आणला. देशाची सारी जमीन सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिलेला आहे. गूगलच्या प्लस कोड या अशाच संकेताची चौकट साधारण चौदा मीटरची असते, त्यामानाने हा अधिक बारीक आहे, आणि शेतातल्या गोठ्यालाही शहरातल्या सदनिकेइतकाच पक्का पत्ता मिळतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. फोनवरून तो सांगणे मात्र कठीण जाते, कारण अक्षरे रोमन आहेत आणि वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून ‘पी’ आणि ‘टी’ वेगळे ऐकू येत नाहीत. म्हणून मी आता जनावराच्या उपचार कार्डावर डिजिपिन लिहून देतो आणि तोच खडूने गोठ्याच्या दारावर लिहायला सांगतो. रात्री घरातील कोणीही तो पाहून संदेशात टाकू शकतो.

सातपुड्यात या साधनाची मर्यादा लवकर येते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात एका महसुली गावाचे पाडे डोंगरभर विखुरलेले असतात आणि नकाशावर गावाच्या नावाची खूण त्यांपैकी एखाद्याच पाड्यावर असते. अरुंद खोऱ्यात दोन्ही बाजूंचे डोंगर उपग्रह झाकतात, त्यामुळे खूणही सरकते. तेथे पाड्यातील माणूस बरोबर असल्याशिवाय मी निघत नाही.

आमच्या भागासाठी मी या ॲपला पाचपैकी तीन गुण देईन. हे तीनही गुण उपग्रहाला आणि साठवलेल्या खुणांना आहेत. आवाजी सूचना शिवारात निरुपयोगी ठरतात. ‘डावीकडे वळा’ म्हटल्यावर डावीकडे कपाशी असते. रस्ता चुकीचा असल्याचे कळवण्याची सोय आहे आणि ती प्रत्येकाने वापरावी अशी माझी विनंती आहे. गेल्या वर्षभरात मी सात दुरुस्त्या पाठवल्या, त्यांपैकी चार नकाशावर आल्या. श्रावणातील त्या गाडवाटेची दुरुस्ती मी दोनदा पाठवली आहे. ती पांढरी रेषा अजून तशीच आहे, म्हणून त्या बाजूच्या शेतकऱ्यांना मी सांगून ठेवले आहे की रात्री बोलावले तर एक जण बॅटरी घेऊन डांबरी रस्त्याच्या फाट्यावर उभा ठेवा.