हाडाचा नट, काही महिन्यांनंतर: गुण खाचेचा, श्रेय हाडाला

गिटारचा नट, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेली, तारा जिच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात ती छोटी आडवी पट्टी, बदलून आता काही महिने झाले आहेत. या काळात गिटार भरपूर वाजली, तारांचे संच बदलून झाले, हवामानही बदलून गेले, त्यामुळे हे मत नव्याच्या नवलाईतले नाही. गिटार गिब्सन कंपनीच्या धर्तीची आहे: हेडस्टॉकवर (मानेच्या पुढच्या, खुंट्यांच्या भागावर) दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या, ब्रिज (तारांचा दुसऱ्या टोकाचा आधार) स्थिर, स्केल लेंग्थ म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी २४.७५ इंच आणि तारा नेहमीच्या १० ते ४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत). मूळचा नट आतून पोकळ असलेल्या प्लास्टिकचा होता. त्याच्या जागी आता हाडाचा नट आहे, आणि तो सुखासुखी बसलेला नाही.

तक्रार तिसऱ्या तारेची होती (सर्वांत बारीक तार ती पहिली). खुंटी हळूहळू पिळत जावी, ट्यूनरचा काटा जागचा हलू नये, मग नटापाशी ‘टिंग’ असा बारीक आवाज व्हावा आणि सूर एकदम हव्या त्या जागेच्या पुढे निघून जावा, हा रोजचा प्रकार होता. तार लावून झाली तरी सुटका नसे, कारण तिच्यावर एक-दोन मोठे बेंड (दाबलेली तार आडवी ओढून सूर चढवणे) झाले की ती उतरलेली असे आणि पुढची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, बेसूर लागे. यात गूढ काही नाही. बेंड करताना नट आणि ब्रिज यांच्यामधला ताण वाढतो आणि खुंटीच्या बाजूची थोडी तार खाचेतून पुढे सरकते. बेंड सोडल्यावर ती तेवढीच मागे जायला हवी, पण खाच तिला धरून ठेवते, तेवढी तार वाजणाऱ्या भागातच राहते आणि सूर उतरतो. ट्रेमोलो (ब्रिज हलवून तारांचा ताण बदलणारा दांडा) असलेल्या गिटारवर तो खाली दाबला तर नेमके उलटे घडते आणि तार चढलेली राहते. ताणात एका टक्क्याचा फरक पडला तरी सूर आठ-नऊ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो, आणि एवढा फरक कॉर्डमध्ये कानाला टोचल्याशिवाय राहत नाही.

ही तक्रार घेऊन दुरुस्तीला गेल्यावर पहिला सल्ला मिळाला तो खुंट्या बदलण्याचा. १४ ला १ गुणोत्तराच्या (कान १४ वेळा फिरवला की तार गुंडाळणारी दांडी एकदा फिरते) जुन्या खुंट्या काढून १८ ला १ च्या, तार आवळून धरणाऱ्या लॉकिंग खुंट्या बसवल्या की प्रश्न मिटेल, असे ठामपणे सांगण्यात आले. त्या बसल्या, दिसायला छान आहेत, तार बदलण्याचे काम झटपट होते, आणि तिसरी तार होती तशीच राहिली. माझी चिडचिड खर्चापेक्षा या निदानाबद्दल अधिक आहे. खुंटीतल्या वर्म गिअरची रचनाच अशी असते की खुंटी फिरवून तार ताणता येते, पण तारेच्या ताणाने खुंटी उलटी फिरत नाही. खुंटी खिळखिळी नसेल आणि तार तिच्यावर नीट गुंडाळलेली असेल, तर सूर उतरण्याचा दोष तिच्या माथी मारण्याआधी नटाकडे पाहायला हवे. त्याची परीक्षा फुकट होते. नट आणि खुंटी यांच्यामधला तारेचा तुकडा बोटाने दाबून सोडावा. दाबताना सूर चढतो, आणि सोडल्यावर तो पूर्वीच्या जागी आला नाही तर तार खाचेत अडकते आहे हे सिद्ध झाले. हे करायला अर्धे मिनिटही लागत नाही. ते कोणी केले नाही.

तिसरीच तार का, याचे उत्तर मला नट बदलण्याच्या खटाटोपात मिळाले आणि ते सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. या प्रकारच्या हेडस्टॉकवर तिसरी आणि चौथी या मधल्या तारा सर्वांत लांबच्या खुंट्यांकडे जातात आणि नट ओलांडताच बाहेरच्या बाजूला वळतात. हेडस्टॉक मागे झुकलेला असल्यामुळे तार खाली वळतेच, त्यात ही आडवी मुरड भर घालते आणि खाचेच्या भिंतीवर घर्षण वाढते. चौथ्या तारेचीही हीच कथा आहे, मग ती एवढी छळत का नाही? १० ते ४६ च्या संचात पहिली तार ०.०१० इंचाची आणि तिसरी ०.०१७ इंचाची असते. दोन्हींवरचा ताण जवळजवळ सारखाच असतो, पण तिसरीच्या छेदाचे क्षेत्रफळ पहिलीच्या जवळजवळ तिप्पट भरते. त्यामुळे दोन्ही तारा सारख्याच प्रमाणात ताणल्या गेल्या, तर तिसरीचा सूर पहिलीच्या जवळजवळ तिप्पट सरकतो. चौथी तार गुंडाळीची असते. तिचा आतला गाभा बारीक असतो आणि ताण घेण्याचे काम मुख्यतः तो गाभाच करतो. थोडक्यात, अडकण्याची सोय आणि अडकल्याचा परिणाम हे दोन्ही सर्वाधिक ज्या तारेच्या वाट्याला येतात, ती तिसरी.

नवा नट हाडाचा घेतला, तोही कोऱ्या तुकड्यातून गिटारच्या मापाने घडवून. काम हातात पडले तेव्हा नट देखणा होता, पॉलिश उत्तम होते, तारांमधली अंतरे डोळ्यांना समान दिसत होती, आणि घरी येऊन पहिल्यांदाच खुंटी पिळली तेव्हा तिसऱ्या तारेने पुन्हा ‘टिंग’ केले. परत गेल्यावर उत्तर मिळाले की तारा बसायला वेळ लागतो. तारा बसतात हे खरे आहे; नव्या तारा सुरुवातीला ताणल्या जातात आणि उतरतात. पण त्या टिंग करत नाहीत. टिंग होण्याचा अर्थ खाच अरुंद किंवा खडबडीत आहे, एवढाच असतो, आणि यावर झालेली हुज्जत मी येथे उगाळत नाही. शेवटी ते काम मी स्वतः केले.

त्या खाचेच्या कामाबद्दल मात्र लिहायलाच हवे, कारण नट बदलल्याचा सगळा फायदा माझ्या मते तिथेच आहे. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस मिळते, पण एका खाचेसाठी अख्खा संच विकत घेणे माझ्या हिशेबात बसत नव्हते. जुन्या दुसऱ्या तारेच्या तुकड्याभोवती अतिबारीक पॉलिश पेपरची एक पट्टी गुंडाळली आणि तोंडाला मास्क लावून, कारण हाडाची भुकटी श्वासात जाणे बरे नाही, ती पट्टी हळूहळू पुढे-मागे ओढली. ०.०१७ च्या तारेला खाच साधारण ०.०१९ ची असावी, म्हणजे तार सैल सुटत नाही आणि दाबलीही जात नाही. तळ गोल हवा. तळाचा उतार फ्रेटबोर्डकडून (मानेवरची फळी, जिच्यावर फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असतात) हेडस्टॉककडे हवा, आणि तोही खुंटीच्या दिशेने किंचित वळलेला. तार नटाला शेवटचा स्पर्श नेमक्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवर करते की नाही, यावर सगळे अवलंबून असते. तळ सपाट राहिला किंवा उतार उलटा पडला, तर तार कडेच्या मागे टेकते, पुढच्या भागावर घासत थरथरते आणि मोकळ्या तारेला सतारीसारखी जवारी लागते. सतारीला ती मुद्दाम काढावी लागते; गिटारवर ती चुकलेल्या कानसीने फुकट मिळते. माझ्या नटाच्या तिसऱ्या खाचेत ही जवारी नव्हती, पण नखाने चाचपल्यावर आत एक बारीकशी पायरी जाणवत होती. ती गेली, खाचेत मऊ पेन्सिलीचे ग्रॅफाइट भरले, आणि टिंग बंद झाले. त्यानंतर आजपर्यंत ते एकदाही ऐकू आलेले नाही. बेंड करावा, सोडावा, कॉर्ड वाजवावी आणि ती सुरात लागावी, ही साधी गोष्ट इतकी सुखाची असू शकते याची मला कल्पना नव्हती.

खाचांची उंची हा दुसरा मुद्दा, आणि तो सुरेलपणाशी थेट निगडित आहे. नट घडवणाऱ्याने सगळ्या खाचा थोड्या उंच ठेवल्या होत्या, कारण जास्त कापल्या तर मोकळ्या तारा फ्रेटला लागून खरखरतात आणि ते खापर त्याच्यावर फुटते. हे मी समजू शकतो. पण उंच खाचेमुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. याचा सर्वाधिक त्रास ई मेजर कॉर्डमध्ये होतो. तिथे तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट म्हणजे त्या कॉर्डचा गंधार. कानाला गोड वाटणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, तर गिटारच्या समान अंतरांच्या फ्रेटवर तो ४०० सेंटवर येतो, म्हणजे मुळातच १४ सेंट चढा. त्यात उंच नटाने आणखी दहा-बारा सेंटची भर घातली की कॉर्ड आंबट लागते. मग वादक तिसरी तार कानाने थोडी उतरवतो, ई मेजर सुधारते, आणि लगेच सी मेजरमध्ये तीच मोकळी तार पंचम म्हणून उतरलेली लागते. ट्यूनरवर सगळे बरोबर दाखवत असताना पहिल्या तीन फ्रेटांतल्या कॉर्ड एकमेकींशी भांडत असतील, तर ब्रिजचे सॅडल (प्रत्येक तारेखालचे सरकते आधार) मागे-पुढे करण्याआधी नटाची उंची पाहावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघावे. जेमतेम दिसेल एवढी फट पुरते. कागदाची जाड घडी सहज आत जात असेल, तर काम बाकी आहे.

आता आवाजाबद्दल. पहिले काही आठवडे माझे मत असे होते की हाडामुळे गिटारचा आवाज उघडला आहे, स्वर जास्त टिकतो आहे आणि वरचे स्वर चमकू लागले आहेत. तसे मी इतरांना सांगितलेही. पुढे तारांचा तोच संच जुना झाला तेव्हा ती चमक ओसरली, आणि लक्षात आले की नव्या नटाबरोबर ताराही नव्या लागल्या होत्या. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून पाहिला. कॅपो लावला की, किंवा बोटाने कोणताही फ्रेट दाबला की, तारेचे वाजणारे टोक नटावर राहत नाही. ते फ्रेटवर येते आणि नट कशाचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही. त्यामुळे नटाच्या द्रव्याने गिटारचा संपूर्ण आवाज बदलतो, हा दावा मी आता मान्य करत नाही. मोकळ्या तारांपुरता फरक मात्र आहे. जुन्या पोकळ प्लास्टिकवर मोकळी सहावी तार थोडी बोथट लागे आणि लवकर विरून जाई; आता ती दाबलेल्या स्वरांच्या जवळ जाणारी, भरीव लागते. पण यातला हाडाचा वाटा किती आणि तार खाचेच्या कडेवर नीट टेकण्याचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही, आणि माझा कल दुसऱ्याकडे आहे.

याला बळकटी मिळाली ती माझ्या दुसऱ्या गिटारवरून. ती फेंडर धर्तीची, सरळ हेडस्टॉकची आणि ट्रेमोलोची आहे. तिच्यावर हाड न बसवता ग्राफ टेकचा टस्क एक्सएल हा काळा, पीटीएफई (टेफ्लॉन) मिसळलेला, खाचा आधीच कापलेला नट बसवला. येथे एक सावधगिरी हवी: फेंडरच्या नटाची जागा साधारण ३.२ मिलिमीटर रुंद असते, गिब्सन धर्तीचा नट याहून बराच जाड असतो, आणि फेंडरच्या जागेचा तळ कधी सपाट तर कधी वक्र असतो, म्हणून मागवण्याआधी मोजमाप घ्यावे. काचेवर पॉलिश पेपर ठेवून नटाचा तळ थोडा घासण्यापलीकडे काही करावे लागले नाही. आवाज हाडाच्या नटापेक्षा कुठेही कमी वाटत नाही, आणि ट्रेमोलो वापरूनही तारा जागेवर परततात. हाडाच्या नटाला तारा बदलताना दर वेळी ग्रॅफाइट लावतो; याला काहीच लावत नाही. नट घडवून घेण्याचा उद्योग सुरू करण्याआधी हे माहीत असते, तर पहिल्या गिटारवरही मी हाच बसवला असता. कारागिरी चोख असेल तर हाडाबद्दल माझी तक्रार नाही, पण त्या कारागिरीची खात्री नसेल तर साच्यातून आलेली अचूक खाच जास्त भरवशाची.

हाडाच्या नटाबद्दल दोन किरकोळ गोष्टी राहतात. एक म्हणजे त्याची पहिल्या तारेकडची कड फ्रेटबोर्डच्या बाहेर केसभर आली होती आणि एफ कॉर्ड धरताना तर्जनीला बोचत होती. बारीक पेपरने ती गोल केली. दुसरी म्हणजे मध्यंतरी ११ ते ४९ च्या तारा लावून पाहिल्या, आणि ०.०१८ ची तिसरी तार खाचेत पुन्हा किंचित अडखळू लागली. जाड तारा कायमच्या वापरायच्या असतील तर खाचा त्या मापाच्या करून घ्याव्यात, आणि एकदा केल्यावर पुन्हा १० च्या तारांकडे वळताना त्या थोड्या सैल वाटतील हे गृहीत धरावे. मी १० वरच परत आलो आहे. सहाव्या तारेची खाच अजूनही किंचित उंच आहे, एफ वाजवताना जाणवण्याइतकी. ती मी तशीच ठेवली आहे, कारण कानस चालवून काढलेले हाड परत लावता येत नाही. हाडाची भुकटी आणि सुपरग्लू यांनी खाच भरता येते, पण तो भराव मूळ हाडाइतका टिकत नाही, आणि नवा नट घडवून घ्यायला पुन्हा त्याच दारात जाण्याची माझी तयारी नाही.