गादी कुणाच्या हाताखाली? घानाच्या चीफ-न्यायसमित्यांची परीक्षा

आशांती प्रदेशात एक गादी (चीफ म्हणजे पारंपरिक प्रमुखाचं आसन आणि पद, तिथला शब्द 'स्टूल') दुसरीची मांडलिक आहे का, हे ठरवायला घानात वेगळी यंत्रणा आहे: हाऊस ऑफ चीफ्सची, म्हणजे चीफांच्या सभेची, न्यायसमिती. रूढी ओळखण्यात ही समिती पक्की, वाद मिटवण्यात कच्ची.

भांडण नुसत्या मानाचं नसतं. १९९२ च्या राज्यघटनेच्या कलम २६७ प्रमाणे गादीच्या जमिनीच्या उत्पन्नातून आधी १० टक्के प्रशासन-खर्चाला जातात. उरलेल्यातले २५ टक्के गादीला, २० पारंपरिक सत्तेला, ५५ जिल्हा असेंब्लीला. वरची गादी कोणती, यावर त्या २० टक्क्यांची वाट ठरू शकते.

बहुतेकांचा पाय घसरतो तो दारातच. थेट हायकोर्ट गाठू नका. २००८ च्या चीफटन्सी कायद्यात (क्र. ७५९) 'चीफपदाशी संबंधित बाब' या व्याख्येत चीफांमधले रूढीनुसारचे घटनात्मक संबंधही येतात, आणि १९९३ च्या कोर्ट्स अ‍ॅक्टच्या कलम ५७ ने अशा बाबी हायकोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. मागणी जमिनीच्या भाषेत मांडली तरी न्यायाधीश मूळ वाद काय ते पाहतात आणि दावा फेटाळतात. वाद खरोखर जमिनीचाच असेल तर मात्र हायकोर्टच.

पॅरामाउंट (आपल्या भागातल्या सर्वोच्च) गादीचा प्रश्न प्रदेशाच्या हाऊस ऑफ चीफ्सकडे: न्यायसमितीत तीन सदस्य, मदतीला किमान ५ वर्षं वकिली केलेला वकील. त्याखालच्या गाद्यांनी आधी ट्रॅडिशनल कौन्सिलकडे (त्या भागातल्या चीफांच्या परिषदेकडे) जावं. प्रादेशिक हाऊसवरचं अपील देशपातळीच्या नॅशनल हाऊसकडे. तिथे पाच सदस्य आणि किमान १० वर्षं वकिली केलेला वकील. पुढे सुप्रीम कोर्ट, पण परवानगी मिळाली तरच. पॅरामाउंट गादीचा वाद दोन प्रदेशांच्या हाऊसच्या कक्षेत येत असेल, तर पहिली सुनावणीच नॅशनल हाऊसमध्ये. टेचिमनची गादी आता बोनो ईस्ट प्रदेशात आणि आशांतीच्या राजाची (आसान्तेहेनेची) सुवर्ण गादी आशांतीतल्या कुमासीत, तेव्हा त्या बाजूच्या जुन्या तंट्यांत हा नियम आधी वाचावा. तिथल्या टुओबोडोमसारख्या गावांची निष्ठा टेचिमनशी की आसान्तेहेनेशी, हे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

पुराव्यात दोन्ही बाजूंच्या दंतकथा सारख्याच सुरस असतात. १९५७ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या (लंडनमधल्या अपील-न्यायालयाच्या) निकालाची कसोटी अजून उपयोगी पडते: तोंडी परंपरा अलीकडच्या वस्तुस्थितीवर घासून बघा. म्हणून शपथ कुणापुढे घेतली, चीफ कुणाच्या परिषदेत बसत आला, पदच्युती कुणी मंजूर केली, याचे कागद आणि साक्षीदार आधी जमवावेत. अर्जदाराचा अधिकारही तपासावा. राजकुटुंबाने नेमलेला नसलेला माणूस पुढे केला, की पहिल्याच दिवशी हरकत येते.

मोठी उणीव रचनेतच आहे. आशांती हाऊसचे अध्यक्ष स्वतः आसान्तेहेने, आणि तिथल्या बहुतेक पॅरामाउंट चीफांनी त्यांच्यापुढेच निष्ठेची शपथ घेतलेली. वाद सुवर्ण गादीशीच असेल, तर पक्षपाताची हरकत सुरुवातीलाच लेखी नोंदवा. निकालानंतर ती काढली की कुणी फारसं ऐकत नाही. आणि निकाल बाजूने लागला, तरी हरलेल्या चीफाला शपथेला उभं करणं समितीच्या हाती नसतं.