वणव्यानंतरचं रान आणि ज्वालामुखीनंतरचं रान

जंगल पुन्हा उभं राहायला किती वेळ लागतो, हे विचारण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: माती शिल्लक आहे का?

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ साली मोठा वणवा लागला. वरचं सगळं काळं पडलं, पण खाली माती होती, मुळं होती. तिथल्या लॉजपोल पाइन या सूचिपर्णी वृक्षाच्या अनेक झाडांचे शंकू राळेने घट्ट बंद असतात. आगीच्या धगीने राळ वितळली, शंकू उघडले आणि बिया राखेवर पडल्या. पुढच्याच वर्षी रोपं दिसू लागली.

अमेरिकेतल्याच माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचं तसं नाही. १८ मे १९८० च्या उद्रेकानंतर उत्तरेकडच्या पायथ्याशी फक्त खडे आणि राख उरली. ना बी, ना मूळ, नायट्रोजन तर जवळपास नाहीच. तिथे पाय रोवला तो जमिनीलगत वाढणाऱ्या निळ्या फुलांच्या ल्युपिन नावाच्या झुडपाने. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन धरतात. झुडूप मेलं की तेच खत, आणि वाऱ्याने आलेलं बी त्याच्या आडोशाला अडकतं. मला हे फार मोठं वाटतं.

म्हणून दोन्हीकडे वर्षं मोजून तुलना करणं मला चुकीचं वाटतं. शिवाय सेंट हेलेन्सवरही सगळीकडे सुरुवात शून्यातून नव्हती; इतरत्र बर्फाखाली दबलेली छोटी झाडं वाचली होती.