सांगलीतली एए मीटिंग (दारू सोडणाऱ्यांची) : सापडायला वेळ लागतो, पण जाच

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचातले चार. एक कापलाय तो निव्वळ जागा सापडेपर्यंत झालेल्या हेलपाट्यांसाठी, आत गेल्यावर तक्रार नाही.

आमच्या दाजींना घेऊन गेलतो. आपल्याकडं दारू सोडायची म्हणलं की आधी माळ घाला, मग देवापुढं शपथ, मग भिंतीवर नंबर लिहिलेली ती 'न कळत दारू सोडवा' वाली पावडर, हे सगळं घरात होऊन गेलेलं (पावडर चहातून देऊ नका बाबांनो, त्यात काय असतंय देव जाणे, आणि माणसाचा घरच्या चहावरचा विश्वास उडतो तो वेगळाच).

तर शोधायला बसलं की नेटवर पहिल्यांदा सगळी व्यसनमुक्ती केंद्रं येतात, म्हणजे भरती करून घेणारी. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस तसलं नाही. बेड नाही, डॉक्टर नाही, गोळ्या नाहीत, नुसती मीटिंग. नेटवरच्या एका यादीत विश्रामबागचा पत्ता होता, तिथं गेलो तर क्लासची पोरं सायकली लावत होती, वॉचमन म्हणाला ते लोक कवाच गेले की. दाजी तेवढ्यावरच परत फिरायला तयार! म्हणून सांगतो, यादीवर विसंबून पेशंटला गाडीवर बसवू नका, आधी फोन करा आणि मीटिंग आजही तिथंच होते का ते विचारा. आम्ही केला तेव्हा पलीकडच्या काकांनी माझं थोडं ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं कळलं, आता ज्यांना सोडायचीय त्यांच्याकडं द्या फोन." दाजी आत जाऊन बराच वेळ बोलत बसले. काय बोलले मी विचारलं नाही.

फोनवरच अजून एक विचारून घ्या, ओपन मीटिंग कधी आणि क्लोज्ड कधी. क्लोज्डला फक्त पिण्याचा त्रास असलेलीच माणसं बसतात, ओपनला घरचं कुणी सोबत चालतं.

जागा म्हणजे एका शाळेची वर्गखोली. बाहेर मोठी पाटी वगैरे काही नाही, जिन्यात एक जण उभा होता तोच "या, वर या" म्हणाला. बाकडी पाचवी-सहावीच्या पोरांची, दाजींचे गुडघे काय आत जाईनात, शेवटी तिरके बसले. फळ्यावर अपूर्णांकाची गणितं तशीच. कागदी कपात चहा आला, नाव-गाव-जात-नोकरी कुणी विचारलं नाही, आणि आपल्या सांगलीत हे म्हणजे आश्चर्यच, इथं दोन मिनिटात पाहुणं निघतंय. जो बोलायला उठतो तो पहिलं नाव सांगतो आणि मी अल्कोहोलिक आहे म्हणतो, मग स्वतःचं सांगतो. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. काय ऐकलं ते इथं लिहिणार नाही, तिथलं तिथंच ठेवायचं असतंय. एवढंच सांगतो की भाषण कुणीच देत नाही. आम्ही नातेवाईक लोक दाजींना इतकी वर्षं जे ऐकवत होतो त्यातलं एक वाक्य तिथं कानावर आलं नाही.

शेवटी डबा फिरतो. दाजींनी खिशातनं नोट काढली तर शेजारचे म्हणाले, राहू दे, नवीन आहात. फी नसतीच, खोलीचं भाडं-चहा सगळं मेंबरांच्या वर्गणीतनं, बाहेरच्याची देणगी घेत नाहीत असा त्यांचा नियमच आहे. त्यामुळं नेत्याचा फोटो नाही, सत्कार नाही, हार-नारळ नाही. एका जुन्या मेंबरनं नंतर जिन्यात सांगितलं की १९३५ ला अमेरिकेत ॲक्रनला हे सुरू करणारे दोघंही पिणारेच, एक शेअर बाजारातला आणि दुसरा चक्क सर्जन. भारतात मुंबईत १९५७ पासून आहे. सर्जनचं ऐकून दाजी पहिल्यांदा हसले.

न आवडण्यासारखं म्हणाल तर प्रार्थना असते आणि दारू सोडायच्या त्यांच्या ज्या बारा पायऱ्या आहेत त्यांच्यात ईश्वराचा उल्लेख येतो. कुठला देव ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणतात, पण ज्यांना असल्याची ॲलर्जी आहे त्यांना पहिल्या दिवशी जरा जड जाईल. आम्ही गेलो तेव्हा सगळे पुरुषच होते, बाईमाणूस एकटी आली तर अवघडणार, तिनं फोनवर आधी बोलून यावं.

आणि हे महत्त्वाचं आहे. रोज सकाळपासून लागणारा माणूस असेल तर एकदम बंद करून थेट मीटिंगला नेऊ नका. हातपाय थरथरणं, फिट येणं, नसलेलं दिसणं हे दोन-तीन दिवसांत होऊ शकतंय आणि त्यात जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टर, सिव्हिल नाहीतर मानसोपचारवाले. दाजींचं ते दवाखान्यातच झालं होतं, मीटिंग त्यानंतर. कुठं जायचं हेच कळत नसेल तर सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे.

आता क्लोज्डला दाजी एकटेच जातात, मी खाली गाडीपाशी पण थांबत नाही, त्यांनीच नको म्हणलंय. राहिली ताई. घरच्यांसाठी अल-ॲनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात, सांगली-मिरजेत सध्या चालू असलेला ग्रुप कुणाला माहीत असेल तर वार आणि वेळ सांगा, जुना पत्ता नको.