पीडब्ल्यूएचएलचा सामना बघायचाय? कोपऱ्यातली सीट घ्या

प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग, म्हणजे पीडब्ल्यूएचएल, १ जानेवारी २०२४ ला टोरोंटोत सुरू झाली. पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्कने यजमानांना ४-० असं धुतलं. तेव्हा सहा संघ होते, २०२५-२६ पासून व्हँकुव्हर आणि सिॲटल धरून आठ झाले. तिकिटाचे पैसे वसूल होतात का? होतात. आइस हॉकी आवडणाऱ्याला तर नक्कीच. पण नवा प्रेक्षक येताना एक प्रश्न खिशात घेऊनच येतो: यातली एखादी एनएचएलमध्ये, म्हणजे पुरुषांच्या सर्वोच्च लीगमध्ये, टिकेल का? लीगच्या जुन्या चाहत्यांना हा प्रश्न ऐकून वैताग येतो. खरं तर विचारायला काहीच हरकत नाही. मात्र टीव्हीच्या लांबच्या कॅमेऱ्यातून त्याचं उत्तर सापडत नाही; रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, नेमकं कुठे बघायचं हे ठाऊक असेल तर एका सामन्यात सापडतं.

म्हणून आधी सीटबद्दल. मधल्या रेषेसमोरच्या सीट्स महाग असतात आणि खेळाची एकंदर मांडणी तिथून छान दिसते. आमची शिफारस मात्र गोलच्या बाजूच्या कोपऱ्याची, काचेपासून पाचवी ते दहावी रांग. पहिल्या दोन रांगा टाळा. रिंकभोवतीची भिंत, जिला बोर्ड म्हणतात, साडेतीन फूट उंच असते आणि अगदी खाली बसलं की तुमच्याच बाजूच्या बोर्डला चिकटलेला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, तिच्याआड जातो. थेट गोलमागे बसलात तर संरक्षक जाळी सतत डोळ्यांसमोर. आता कोपरा कोणता? सामना तीन भागांचा, म्हणजे पिरियडचा. सहसा संघ पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये आपल्या बाकाजवळचा गोल राखतात. यजमानांचे हल्ले दोन पिरियड बघायचे असतील तर पाहुण्यांच्या बाकाच्या बाजूचा कोपरा घ्या. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, बचाव करणाऱ्यांना बाक लांब पडतो आणि दमलेल्या खेळाडूंना बदली मिळणं अवघड होतं. बर्फावरची साधारण ४५ सेकंदांची एक खेप, म्हणजे शिफ्ट, दीड मिनिटावर गेली की पाय जड झालेले स्पष्ट दिसतात. गोल व्हायची ही हमखास वेळ, तेव्हा वडापाव-कॉफीसाठी, म्हणजे तिथल्या भाषेत हॉटडॉगसाठी, दुसऱ्या पिरियडमध्ये उठू नका.

कोपऱ्यात काय दिसतं? पकसाठीची झटापट. मोकळ्या बर्फावर या खेळाडू किती वेगवान आहेत, याबद्दल शंका घ्यायला जागा फारशी नाही. २०१९ मध्ये सॅन होजेला एनएचएलच्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत केंडल कॉइन स्कोफील्डने रिंकची फेरी १४.३४६ सेकंदांत मारली. जिंकलेल्या एनएचएलच्या कॉनर मॅकडेव्हिडची वेळ १३.३७८. फरक सुमारे ७ टक्के. त्याच स्पर्धेत क्लेटन केलर हा एनएचएलचा खेळाडू तिच्या मागे राहिला. पास देणं, पक ताब्यात ठेवणं, मोकळी जागा हेरणं यांत दोन लीगमधली दरी याहून कमी आहे, आणि ते डोळ्यांना पटतं.

अडचण कोपऱ्यात सुरू होते. पक बोर्डला लागलेला, दोघी त्यावर झुकलेल्या, एकीने पाय रोवून पाठ प्रतिस्पर्धीकडे केलेली. इथे वरच्या धडाची ताकद, मनगटाची पकड आणि अंगाचं वजन लागतं. प्रशिक्षित स्त्री-पुरुषांतला फरक पायांत कमी आणि खांद्या-हातांत जास्त असतो. एनएचएलचा सरासरी खेळाडू सहा फुटांच्या वर आणि ९० किलोंच्या आसपास. पीडब्ल्यूएचएलमध्ये साधारण साडेपाच फूट आणि ६५-७० किलो. अशी झटापट एका सामन्यात कितीतरी वेळा होते. दहापैकी आठ वेळा पक गमावणाऱ्या खेळाडूला कुठलाही प्रशिक्षक बर्फावर ठेवत नाही, मग पक हाताळण्यात ती कितीही कुशल असो. मार्टिन सेंट लुई किंवा कोल कॉफील्ड हे साडेपाच फुटांच्या थोडे वरचे पुरुष एनएचएलमध्ये चमकले, हे उदाहरण लोक हमखास देतात. ते उंचीने बुटके, पण पाय आणि धड पुरुषी ताकदीचं. शिवाय तेही अपवादच.

दुसरी गोष्ट शरीराची नव्हे, शिकवणीची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. कॅनडात मुलांच्या हॉकीत बॉडी चेक, म्हणजे अंगाने धक्का देऊन अडवणं, १३-१४ व्या वर्षी सुरू होतो. मुलींच्या हॉकीत तो नाहीच. म्हणजे धक्का कसा द्यायचा, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कसा घ्यायचा, काचेपासून दीड-दोन हात लांब न राहता अगदी चिकटून कसं उभं राहायचं, हे मुलगा पौगंडावस्थेत हाडात मुरवतो आणि मुलीला विशीत येऊन नव्याने शिकावं लागतं. काचेपासून दोन-तीन फुटांवर धक्का बसला तर खेळाडू भिंतीवर फेकला जातो. सगळ्यात वाईट दुखापती तिथेच होतात. १९९० मध्ये ओटावात महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा बॉडी चेकसह खेळली गेली होती. त्यानंतर तो काढून टाकला. पीडब्ल्यूएचएलने अर्धं दार उघडलंय: पक मिळवण्याचा खरा प्रयत्न असेल तर बोर्डजवळ अंग घालायला परवानगी आहे. पहिल्या मोसमात जे घुटमळायचे तेच संघ आता बोर्डजवळ बिनदिक्कत भिडताना दिसतात, यावरून शिकवणीचा वाटा किती होता ते कळतं.

स्केटरचं, म्हणजे गोलकीपर सोडून बाकीच्यांचं, हे असं. गोलकीपरचं प्रकरण वेगळं आहे, आणि आजवर पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत शिरलेल्या बहुतेक स्त्रिया गोलकीपरच आहेत हा योगायोग नाही. तिला कोपऱ्यात झुंजावं लागत नाही. २३ सप्टेंबर १९९२ ला मॅनन रेओम टॅम्पा बे लायटनिंगकडून सेंट लुई ब्लूजविरुद्धच्या सराव सामन्यात एक पिरियड गोलमध्ये उभी राहिली. नऊ फटके आले, सात अडवले, दोन आत गेले. तिला आणणाऱ्या टॅम्पाच्या व्यवस्थापकाने, फिल एस्पोझिटोने, प्रसिद्धीचा हेतू लपवला नव्हता, पण नऊपैकी सात हा आकडा प्रसिद्धीने येत नाही. एनएचएलमध्ये खेळलेली आजवरची ती एकमेव स्त्री, तीही सराव सामन्यांपुरती. नियमात बंदी नाही. पुढे शॅनन झाबाडोस, कॅनडाची ऑलिंपिक सुवर्णविजेती, अमेरिकेतल्या खालच्या श्रेणीच्या एसपीएचएलमध्ये कोलंबस कॉटनमाउथ्सकडून खेळली आणि २०१५ च्या डिसेंबरात ३३ फटके अडवून एकही गोल न देता सामना जिंकली. फिनलंडची नूरा रॅटी तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या पुरुष लीगपर्यंत गेली.

मग एनएचएल का नाही? कारण गोलची चौकट सहा फूट रुंद, चार फूट उंच आणि आजची शैली ‘बटरफ्लाय’: गुडघ्यांवर बसून खालची बाजू पायांनी बंद करायची, वरचे कोपरे खांद्यांनी. गुडघ्यांवर बसल्यावर खांदे जिथे येतात, तिथून आडव्या काठीपर्यंत किती जागा उरते यावर सगळं अवलंबून. एनएचएलचे गोलकीपर सरासरी सव्वासहा फुटांचे. यूसे सारोस सहा फुटांना इंचभर कमी, तर त्याला सगळे ‘छोटा’ म्हणतात. बोस्टनची एरिन फ्रँकल, या लीगमधल्या उत्तम गोलकीपर्सपैकी एक, ५ फूट ५ इंच. ती ही तूट कशी भरते हे कोपऱ्यातून बघण्यासारखं आहे: गोलरेषेवर न थांबता पुढे येऊन कोन झाकते. पुढे येण्याची किंमत अशी की पक आडवा पास झाला तर परत यायला अंतर जास्त. एनएचएलमध्ये नेमका तोच आडवा पास अधिक वेगाने येतो. फटक्याचंही गणित करून बघा. निळ्या रेषेपासून गोलरेषा ६४ फूट. ताशी १३० किमीचा फटका तिथून सुमारे ०.५४ सेकंदांत पोचतो, १५० चा ०.४७ मध्ये. हा फरक सरावाने भरून निघेल. पण समोर ९५ किलोचा गडी डोळ्यांवर पडदा धरून उभा असताना फटका मुळात सुटलेलाच दिसत नाही, आणि तेव्हा कामाला येतो तो नुसता आकार.

स्केटर म्हणून सर्वात पुढे गेली ती हेली विकनहायझर. २००३ मध्ये फिनलंडच्या तिसऱ्या श्रेणीत, किर्कोनुम्मी सालामात संघाकडून. पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये गोल करणारी ती पहिली स्त्री. तिने फिनलंड निवडलं यालाही कारण होतं: युरोपातला रिंक जास्त रुंद, खेळ पासवर चालणारा, धक्के कमी. पावणेसहा फुटांच्या आसपासची, त्या काळातली जगातली सर्वोत्तम स्त्री खेळाडू तिसऱ्या श्रेणीत उपयोगी ठरली. संघ दुसऱ्या श्रेणीत चढल्यावर मात्र तिथे फार काळ टिकली नाही. याहून चांगली मोजपट्टी आपल्याकडे नाही.

तेव्हा आमचं मत: स्केटर म्हणून एनएचएल नाही. गोलकीपर म्हणून सहा फुटांची, मुलांच्या हॉकीत शेवटपर्यंत राहिलेली एखादी मुलगी खालच्या व्यावसायिक श्रेणींत नक्की खेळेल, आणि त्याच्या वर फट बारीक आहे पण आहे. २०२१ मध्ये टाया करी ही गोलकीपर ओंटारियोच्या ज्युनियर लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या खेळाडू-निवडीत, सार्निया स्टिंगने निवडली, २०२२ मध्ये क्लोई प्रिमेरानो ही स्केटर पश्चिम कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या व्हँकुव्हर जायंट्सने. वाट अशाच मुलींची असेल. गंमत अशी की पीडब्ल्यूएचएल आल्यापासून ती वाट धरायचं कारणच कमी झालंय. झाबाडोसच्या वेळी रोज चांगला सराव आणि नियमित सामने हवे असतील तर पुरुषांची खालची लीग हा पर्याय होता. आता स्वतःची व्यावसायिक लीग, मोठी मैदानं आणि पगार आहे. पहिल्या मोसमात किमान ३५,००० डॉलर. एनएचएलच्या तेव्हाच्या किमान ७,७५,००० समोर तो काहीच नाही, हे खरंच. पण खालच्या श्रेणीत पुरुषांनाही लाखो मिळत नाहीत.

आता लीग म्हणून काय आवडतं ते. ‘जेलब्रेक’ नियम: एक खेळाडू कमी असताना तुम्ही गोल केलात तर शिक्षा तिथेच संपते. यामुळे शिक्षा भोगणारा संघ पक नुसता लांब भिरकावत नाही, हल्ला करतो. २०२४-२५ पासून शिक्षा झालेल्या संघाला लगेच बदली खेळाडू आणता येत नाहीत. दमलेल्यांनीच खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत उभं राहायचं. गुणपद्धत ३-२-१-० (नियमित वेळेत विजय ३, त्यानंतर जिंकलं तर २, हरलं तर १, नियमित वेळेत हार ०), त्यामुळे बरोबरीकडे झुकलेल्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं कोणी वेळ काढत नाही. आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, अव्वल संघ आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडतो. २०२४ मध्ये टोरोंटोने मिनेसोटा निवडलं, २-० ने आघाडी घेतली आणि ३-२ ने मालिका हरली. २०२५ मध्ये मॉन्ट्रियलने ओटावा निवडलं आणि तीही हरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन्ही वर्षी वॉल्टर कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिनेसोटाने नेला.

खटकतं ते पंचांचं. ‘पक मिळवण्याचा खरा प्रयत्न’ याचा अर्थ एका सामन्यात एक आणि दुसऱ्यात दुसरा लागतो, कधी कधी पहिल्या पिरियडमध्ये चालून गेलेला धक्का तिसऱ्यात दोन मिनिटं खेळाबाहेर बसवतो. खेळाडूंनाही अंदाज येत नाही, मग कोपऱ्यात हात आखडतात. शिवाय जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिकसाठी मोसम मधेच थांबतो. लय लागलेली तुटते.

टोरोंटो सेप्टर्सचं घर २०२४-२५ पासून कोका-कोला कोलिझियम. शेजारच्या ब्रॅम्प्टनहून गाडीने जाण्यापेक्षा, आणि मिसिसागाकरांनी तर नक्कीच, पोर्ट क्रेडिट किंवा क्लार्कसनहून लेकशोर वेस्ट मार्गाची ‘गो’ ही उपनगरी ट्रेन पकडावी. एक्झिबिशन स्टेशनवर उतरलं की चालत काही मिनिटं. मॉन्ट्रियलचा संघ लावालच्या प्लास बेलमध्ये खेळतो, मोंमोरेंसी मेट्रोला लागूनच. स्वेटर न्या. खाली बसलात तर गारठा जाणवतोच. लहान मुलं असतील तर सामन्याआधीचा सराव चुकवू नका, काचेशी उभं राहता येतं आणि पक काचेवर आदळल्यावर त्याचं वजन कानाला कळतं. मोठ्या मैदानातले खास सामने वेगळे: २० एप्रिल २०२४ ला मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये २१,१०५ प्रेक्षक होते. वातावरणासाठी तसा एखादा बघा, पण खेळ समजून घ्यायला छोटं मैदान बरं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी लीगची यूट्यूब वाहिनी आहे. लडाखच्या मुलींच्या जोरावर भारताच्या महिला आइस हॉकी संघाने २०२५ च्या आशिया चषकात कांस्य जिंकल्यापासून इथेही थोडी चौकशी वाढलीये, तर त्यांनी सुरुवात इथून करावी. निकाल आधी कळू नये असं वाटत असेल तर वाहिनीच्या मुख्य पानावर जाऊ नका, क्षणचित्रांची शीर्षकं सगळं सांगून टाकतात. सामन्याचा दुवा आदल्या रात्रीच काढून ठेवा. टोरोंटोकडच्या संध्याकाळी ७ चा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेचारला.