बेरेटा 686 सिल्व्हर पिजन, 20 बोअर: लाव्यांना उत्तम, बदकांना अपुरी

भारतात वन्य पक्ष्यांची शिकार 1972 च्या कायद्याने बंद आहे. त्यामुळे बेरेटाच्या या दुनळी छर्र्यांच्या बंदुकीचं हे परीक्षण अमेरिकेत परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी.

एक पौंड शिशातून नळीत नेमक्या बसणाऱ्या वीस सारख्या गोळ्या झाल्या तर ती नळी 20 बोअर, बारा झाल्या तर 12. म्हणजे आकडा वाढतो तशी नळी बारीक होते: 12 ची 18.5 मिमी, 20 ची 15.6. वीसचे छर्रे हळू जातात हा गैरसमज आहे. वेग साधारण तोच, छर्रे मात्र कमी.

या दुनळीचं वजन सुमारे 2.8 किलो. दिवसभर गवतात चालताना 12 बोअरपेक्षा कमी असलेले ते पाव किलो संध्याकाळी खांद्याला कळतात. एकाएकी उडालेल्या लाव्यावर ती चटकन खांद्याला लागते. त्यासाठी 25 ग्रॅम, साडेसात नंबरचे छर्रे (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा) आणि इम्प्रूव्हड सिलिंडर चोक पुरे. चोक म्हणजे नळीच्या तोंडात बसवायचा, छर्र्यांचा फैलाव आवळणारा तुकडा; हा थोडासाच आवळतो.

फेझंट हा कोंबडीसारखा रानपक्षी चिवट. छर्रा पंखाला नुसता चाटून गेला तर खाली पडून पळतो आणि हाती लागत नाही. त्याला 28 ग्रॅमचं, सहा नंबरचं काडतूस आणि मॉडिफाइड (मध्यम आवळणारा) चोक घ्या. त्यात सुमारे 225 छर्रे असतात. 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात साठ टक्के, म्हणजे 135 च्या आसपास बसायला हवेत. मोठा कागद लावून मोजाच. 35 यार्डांपलीकडचा फेझंट सोडून द्यावा. तीन इंची, 35 ग्रॅमची काडतुसं मिळतात, पण एवढ्या हलक्या बंदुकीत धक्का जबर बसतो आणि दुसरा बार हुकतो.

बदकांसाठी मात्र 12 च. 1991 पासून पाणपक्ष्यांवर शिसं वापरायला बंदी आहे. त्याऐवजी वापरायचं पोलाद हलकं, म्हणून छर्रा दोन आकारांनी मोठा लागतो आणि मोठे छर्रे बारीक काडतुसात थोडे मावतात. दोन नंबरचे पोलादी छर्रे वीसच्या 25 ग्रॅममध्ये जेमतेम 110, बाराच्या 35 ग्रॅममध्ये 156.

चोकच्या कडेवरच्या खाचा नखाने मोजता येतात: एक म्हणजे फुल (सर्वांत आवळणारा), पाच म्हणजे सिलिंडर (न आवळणारा). एक आणि दोन खाचांचे चोक पोलादी छर्‍यांना चालत नाहीत. बार काढताना चोक सैल होतो, म्हणून अधूनमधून बंदूक रिकामी करून घट्ट करा. बंदूक उघडली की सेफ्टी, म्हणजे बार अडवणारा खटका, आपोआप लागते. नवख्याचा पहिला बार इथेच राहतो.

घरात दोन्ही बोअर असतील तर काडतुसं एका खिशात कधीच नकोत. वीसचं काडतूस पिवळं असतं ते याचसाठी. ते चुकून 12 च्या नळीत गेलं की पुढे सरकून अडकतं, मागे बाराचंही बसतं, आणि बार होताच नळी हाताशीच फुटते.